कोकराच्या तोंडाला लिंबू

एका कोकराचं तोंड मी लिंबानं घासून काढलं. कोकरू चित्रातलं होतं. लिंबू मात्र खरं होतं, आणि त्यावर चिमूटभर मीठही होतं. नातवंडांना ही गोष्ट सांगितली की धाकटी विचारते, "आजी, बट व्हाय?" काय सांगणार तिला? तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं, आणि जे कळत नाही ते घासलं की कळेल.

ज्यांचं ते कोकरू, त्यांना अख्खं नेपरव्हिल काका म्हणायचं. निदान मराठी नेपरव्हिल तरी. मीही काकाच म्हणायची, कारण ते माझ्याहून चांगले पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते. आमच्या रस्त्याच्या वळणावर त्यांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा नोकरीसाठी लांब कॅरी नावाच्या गावी. काका मूळ नागपूरचे. तरुणपणी इकडे अमेरिकेत आले आणि रंगांच्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून निवृत्त झाले. भिंतीला लावलेला रंग किती उन्हाळे आणि किती हिवाळे टिकेल, हे तपासणं त्यांचं काम. डब्यावर छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच त्यांना आयुष्यभर पगार मिळाला. निवृत्तीनंतर पगार थांबला. सवय कोण थांबवणार?

त्यांचा आवडता शब्द "कशावरून". दुधाच्या कॅनवरची तारीख वाचायची, झाकण उघडून वास घ्यायचा, मग परत तारीख वाचायची. टीव्हीवर बर्फ सांगितला की दार उघडून तळहात बाहेर धरून उभे राहायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी म्हणालं, "काका, घ्या, उकडीचा आहे," की मोदक प्रकाशात धरायचे. "कशावरून?"

आमच्या शेजाऱ्यांनी दारावर कॅमेऱ्याची घंटी बसवली, तेव्हापासून काका त्या घरावरून जाताना छत्री आडवी धरायचे. लख्ख उन्हात. माझ्या जावयाला त्यांचा फार लळा होता, पण तोसुद्धा म्हणायचा, "आई, काकांना वाटतं सीआयएनं त्यांच्या वॉकसाठी माणूस ठेवलाय."

मी आठवड्यातून दोनतीनदा त्यांना डबा द्यायची. दार जेमतेम उघडायचं, पण आधी आतून तीन कड्या निघाल्याचा आवाज यायचा. डबा घेऊन ते झाकण काढायचे, आमटीकडे बघायचे.

"हळद जास्त दिसून राहिली, बाई. काय लपवलं?"

"डाळ लपवली, काका. शोधा."

हसायचे नाहीत. पण डबा नेहमी लख्ख धुऊन परत यायचा आणि आत एखादी गोष्ट असायची. एकदा जायफळ, एकदा त्यांच्या झाडाचं सफरचंद. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे मात्र त्यांनी कशावरूनही न विचारता मानलं होतं.

आता चित्र. मंडळाच्या ज्येष्ठांसाठी लायब्ररीत शनिवारी एक खोली मिळायची. सेक्रेटरीबाईंनी काकांना विचारलं, "तुम्ही ऑफिसच्या कामानं बेल्जियमला गेला होतात ना? एक तास बोला, स्लाइड्स दाखवा." बिचारीला वाटलं चॉकलेटं, कालवे, फुलांचे बाजार. काका अख्खा हिवाळा एकाच चित्रावर बोलले. ऐकणारे गळत गेले. शेवटी एक निवृत्त बँकवाले, त्यांची बायको, आणि लायब्ररीतलं हीटिंग आमच्या घरापेक्षा चांगलं म्हणून मी, एवढेच उरलो.

गेंट नावाच्या गावी मोठ्या चर्चमध्ये ते चित्र आहे. चित्र म्हणजे एक फळी नव्हे. ओकच्या लाकडाच्या बऱ्याच फळ्या, त्यांना बिजागऱ्या, कपाटासारखी दारं. एरवी दारं मिटलेली, बाहेरून सगळं करडं, फिकं. सणावाराला दारं उघडायची, की आत रंगांचा नुसता झगमगाट. मधोमध वेदीवर एक पांढरं कोकरू उभं, त्याच्या छातीतून रक्ताची धार पेल्यात पडते आहे, आणि चहूबाजूंनी माणसं त्याच्याकडे निघालेली. दोन भावांनी मिळून रंगवलं म्हणतात, सहाशे वर्षं होत आली.

"दोन भाऊ कशावरून?" काका आम्हालाच दटावायचे. "थोरल्यानं रंगवलेलं दुसरं एक चित्र दाखवा मला. धाकट्यानं सांगितलं, मला भाऊ होता, आणि तुम्ही मानून राहिले."

"काका, आम्ही काहीच मानलं नाही अजून," बँकवाले म्हणायचे.

"हे चित्र म्हणजे चोरांचं प्रगतिपुस्तक आहे," हे काकांचं लाडकं वाक्य. मग एकेक चोर हजर व्हायचा. फ्रान्सच्या सैन्यानं मधल्या फळ्या उचलून पॅरिसला नेल्या. त्या परत आल्या, तोवर चर्चमधल्याच माणसांनी बाजूच्या फळ्या व्यापाऱ्याला विकल्या. त्या फिरत फिरत बर्लिनला गेल्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात त्या परत मागून घ्याव्या लागल्या. मध्यंतरी आदम आणि ईव्ह फार उघडे दिसतात म्हणून त्यांच्या फळ्या काढल्या आणि कातड्याचे कपडे घातलेली नवी जोडी लावली. बँकवाल्यांच्या बायकोला ते पटलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सगळंच्या सगळं पळवून ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत ठेवलं, आणि शेवटी खाणीत सुरुंगाचं सामानही नेऊन ठेवलं होतं. वाचलं कसंबसं. कुणी वाचवलं यावर चार वेगवेगळ्या लोकांनी हक्क सांगितला. काकांचा चौघांवरही विश्वास नव्हता.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो एका फळीत. घोड्यांवर बसून निघालेले न्यायाधीश, अशी ती डावीकडची खालची फळी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एका सकाळी ती चर्चमधून नाहीशी झाली. चोरानं पत्रं पाठवली, सौदा मांडला, आणि स्वतःला चोर म्हणवणारा एक माणूस मरताना म्हणाला की फळी कुठे आहे ते एकट्या मलाच ठाऊक. आणि जागा सांगण्याआधीच मेला. आजतागायत सापडलेली नाही. तिच्या जागी नक्कल बसवली आहे.

"मी त्या चर्चमध्ये उभा होतो," काका सांगायचे, आणि इथे त्यांचा आवाज खाली यायचा. "माझ्या शेजारी बस भरून माणसं. सगळे खोट्या फळीचे फोटो काढून राहिले होते. एकालाही कळलं नाही. मला रंगावरून कळलं. तेव्हापासून मला वाटतं, जिथे सगळे खूश असतात, तिथे एक फळी खोटी असते."

"मग काय झालं, काका?" बँकवाले म्हणाले. "दिसायला सेम आहे ना? चाललं."

काका पुढचे दोन शनिवार त्यांच्याशी बोलले नाहीत.

आपल्या डायनिंग रूममध्ये काकांनी त्या चित्राची धाकटी आवृत्ती उभी केली होती. हार्डवेअरच्या दुकानातून प्लायवूड आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या आणून. रंग ते स्वतः घोटायचे, अंड्याच्या बलकात. न्यायाधीशांची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. "जे पाहिलं नाही ते मी कसं काढू?" कोकराचं तोंड मात्र काढून झालं होतं, आणि मग बातमी आली. तिकडच्या जाणकारांनी मूळ चित्रावरचा जुना थर काढला, तर कोकराचं खरं तोंड वेगळंच निघालं. आपण बघत होतो ते कुणीतरी नंतर रंगवलेलं, गरीब मेंढीचं. खालचं कोकरू सरळ माणसासारखं आपल्याकडे बघत होतं. लोक हसले, काहींना भीती वाटली. काका आठवडाभर आनंदात होते. "शेकडो वर्षं ते आतून बघून राहिलं होतं, बाई. कोणाला कळलं नाही." लगेच त्यांनी आपल्या कोकराचं तोंड खरवडलं आणि नवीन काढायला घेतलं. डोळ्यांवर त्यांनी महिनेच्या महिने घालवले.

या सगळ्यात मी कुठे होते? मी हेर होते.

काकांच्या मुलाचा एकदा कॅरीहून फोन आला. फार गोड मुलगा, इथेच वाढलेला. "मावशी, तुम्ही बाबांना भेटता ना? मला ते काहीच सांगत नाहीत. जस्ट नजर ठेवाल का? त्यांना कळू देऊ नका, नाहीतर ते डबापण बंद करतील." मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी योग्यता ओळखली. मुलगी-जावई दिवसभर लॅपटॉपमध्ये, नातवंडं शाळेत, आणि मी घरी फक्त भाज्या निवडायला. आता मला कामगिरी मिळाली होती. मी डबा घेऊन जायची, डोळे फिरवायची, घरी येऊन फोन करायची, आणि बातमी छोटी असली की तिला जरा तूप लावायची.

एकदा काकांचा चष्मा फ्रिजमध्ये दिसला. अंडी काढताना तिथे ठेवला असणार. फोनवर मी म्हणाले, "चष्मा फ्रिजमध्ये असतो हल्ली." "हल्ली" हा शब्द मी अगदी सहज टाकला. एकदा काकांनी मला तोच किस्सा दुसऱ्यांदा सांगितला. मी म्हणाले, "तेच तेच बोलतात." अहो, त्यांच्या वयाला कशाला नावं ठेवायची, मी स्वतः तेव्हा एकच किस्सा चारदा सांगायची.

एका संध्याकाळी काका डबा परत देताना हळूच म्हणाले, "कोणाला बोलू नका, बाई. गाडी विकून मोटारसायकल घेऊन राहिलो." मी घरी धावतच आले. मुलगा फोनवर इतका घाबरला की मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी काका कधी नव्हे ते स्वतःहून आमच्याकडे आले, चहा घेतला, शंकरपाळ्यांचं कौतुक केलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी माया लागली.

दिवाळीच्या आठवड्यात मुलाचा फोन. "मावशी, मी शनिवारी येतोय. इथे माझ्या घराजवळ एक चांगली जागा बघितलीय. चोवीस तास केअर, मेमरीचे पेशंट्स असतात. घर विकायला काढू. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं. थँक यू."

मी फोन ठेवला. काका विसरभोळे नव्हते. काका संशयी होते. त्या दोन्हींत फरक असतो, आणि तो माझ्या तुपात बुडाला होता. आता त्या माणसाचं घर जाणार, कोकरू जाणार, आणि त्यांना तिथे नेऊन बसवणार जिथे "कशावरून" म्हटलं की नर्स गोळी वाढवेल.

मग मी काय केलं? खरं सांगितलं का मुलाला? छे. मी ठरवलं, घर चकचकीत करायचं. मुलगा आला, घर टापटीप दिसलं, की तो म्हणेल बाबा ठीक आहेत. शनिवारी सकाळी झाडू-फडकं घेऊन हजर झाले.

"फक्त स्वयंपाकघर," काका म्हणाले. "पुढे जायचं नाही." आणि वरच्या मजल्यावर आंघोळीला गेले. अभ्यंगाचं तेल घरी असलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बाटलीवरचं लेबल न वाचता वापरायचे ते तेवढं एकच.

स्वयंपाकघर झालं. डायनिंग रूमचं दार उघडं होतं. समोर ते लाकडी कपाट. आता तुम्हीच सांगा, दिवाळीची सकाळ, हातात फडकं, आणि समोर दारांचा देव्हारा. मी दारं उघडली. मधोमध वेदी, वेदीवर कोकरू, डोक्यामागे सोनेरी प्रभावळ, आणि तोंडावर तपकिरी मळ. आमच्याकडे दिवाळीला देव उजळतात. लिंबू आणि मीठ, दुसरं काही नाही. लहानपणापासून माझा हात त्या कामात इतका बसलेला की मळकी मूर्ती दिसली की तो डोक्याला विचारत नाही. मी अर्धं लिंबू घेतलं.

तो मळ नव्हता. काकांनी मुद्दाम दिलेला पातळ थर होता, जुनं दिसावं म्हणून. तो गेला. त्याच्याबरोबर बलकातला रंग गेला, अजून नीट वाळला नव्हता. डोळे गेले. महिनेच्या महिने घालवलेले ते डोळे माझ्या फडक्यावर आले आणि कोकराच्या तोंडाच्या जागी नुसता ओला करडा डाग उरला.

मी दारं मिटली. लिंबू कचऱ्यात टाकलं, त्यावर चहाचा चोथा टाकला. मुरलेला गुन्हेगारसुद्धा यापेक्षा सराईतपणे काही करणार नाही.

दुपारी मुलगा आला. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी चिवड्याची ताटली घेऊन उभी. मुलगा इकडेतिकडे बघत होता, मोजमाप घेत असल्यासारखा. काका म्हणाले, "सणाच्या दिवशी दारं उघडायची असतात. ये, तुला नवीन तोंड दाखवतो." आणि त्यांनी दारं उघडली.

मुलानं वाकून पाहिलं. मग मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, फेस कुठेय?"

काका जवळ गेले. मला वाटलं, आता वळतील. जगातल्या दुधावर, बर्फावर, मोदकावर संशय घेणारा माणूस, आणि घरात सकाळपासून एकच परकी बाई. ते वळले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"सकाळी मी यावर काम करत होतो," ते म्हणाले. "मीच पुसलं काय?"

"इट्स ओके, बाबा."

"तू म्हणतोस ना फोनवर, मी विसरून राहिलो म्हणून. मला ते खोटं वाटायचं." त्यांनी बोटं उजेडात धरली. "मीच केलं असेल."

मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि सुटकेचीही थोडी छटा होती. त्याला पुरावा मिळाला होता. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाला सगळ्या जगावर संशय घेताना पाहिलं होतं, पण स्वतःवर घेताना पहिल्यांदाच पाहत होते. ते मला बघवेना.

"मी केलं," मी म्हणाले. "लिंबू लावलं."

दोघंही वळले. "लिंबू?" मुलगा म्हणाला.

"मळकं दिसत होतं." मग एकदा तोंड उघडलं ते बंदच होईना. "आणि चष्मा फ्रिजमध्ये एकदाच होता. आणि तेच तेच बोलतात ते आपण सगळेच बोलतो. मी फोनवर वाढवून सांगितलं रे. बाबांना काही झालेलं नाही. जे झालंय ते मला झालंय."

मुलगा खुर्चीवर बसला. काका माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता छत्री निघेल.

"मोटारसायकल तुम्हालाच सांगितली होती," ते म्हणाले. "बँकवाल्याला सांगितलं होतं, मी हवाईला चाललो. लायब्ररीतल्या बाईला सांगितलं, लग्न करून राहिलो. याचा फोन आला तो मोटारसायकलीचा."

"बाबा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला संशय होता. माहीत झालं ते नंतर."

मुलगा एकदम हसायला लागला आणि मग त्याला थांबता येईना. हसता हसता त्यानं डोळे पुसले. त्या जागेचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. सोमवारी तो परत जाताना मला दारात म्हणाला, "मावशी, मी तिथे कॅन्सल केलं." पुढे बरीच वर्षं काका त्याच घरात राहिले, तीन कड्या लावून.

काकांनी मला रागावणं मात्र सोडलं नाही. लायब्ररीत सगळ्यांसमोर सांगितलं, की गेंटच्या चित्राला खाली एक पट्टीही होती, पाण्यातल्या रंगांची, नरकाची, आणि ती अनाडी लोकांनी धुऊन साफ घालवली, असं म्हणतात. "बाईंना इतिहासात जागा मिळाली," ते म्हणाले. बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण त्याआधी एक झालं. मुलगा गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं त्यांच्याकडे गेले. डबा न्यायला लाज वाटत होती. कड्या निघाल्या. काका टेबलाशी बसून पुन्हा बलक घोटत होते. मी म्हणाले, "काका, मी आता त्याला फोन करणार नाही. शपथ." त्यांनी मान वर केली नाही. घोटता घोटता म्हणाले:

"फोन बंद करू नका, बाई. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकतो. फक्त आजपासून त्याच्याही बातम्या मला आणून द्या. एकटा राहतो तो तिकडे. जेवतो का, झोपतो का, कोणी येतं का त्याच्याकडे. मी विचारलं की म्हणतो, आय ॲम फाइन, बाबा. तूप लावू नका, आहे तसं सांगा."